भगिनी आणि पंगत : वऱ्हाडातील महिला मंडळांच्या पूर्वेतिहासाचा शोध

परतवाड्यासारख्या गावात 'महिला मंडळ' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती एक खोली, दोन-तीन शिवणयंत्रे, बालवाडीची रंग उडालेली खेळणी, भजनाचे टाळ आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लागणाऱ्या सतरंज्या. त्या खोलीतल्या कपाटात एक सभासद-वही असते. वर्गणी किती जमली, पापडाच्या पिठाला किती गेले, कोणाच्या बाळंतपणाला मदत दिली, हे तिच्यात लिहिलेले असते. पुरुषांच्या संस्थांचा इतिहास कोनशिलेवर राहतो. स्त्रियांच्या मंडळाचा इतिहास या वहीत राहतो. वही वाळवीने खाल्ली किंवा अध्यक्षबाईंच्या सुनेने रद्दीत घातली, की पन्नास वर्षांचे काम एका दुपारी नाहीसे होते.

म्हणून हा इतिहास खालून लिहिणे अवघड. पण वरून, म्हणजे ज्या मोठ्या संघटनांच्या शाखा म्हणून किंवा ज्यांचे पाहून ही मंडळे उभी राहिली त्यांच्या बाजूने, तो बराचसा लिहिता येतो. तसा तो लिहू लागलो की एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. मंडळ 'भगिनीं'चे असते, काम 'सेवे'चे असते. मग या भगिनीत कोण बसते, सेवा कोण करते आणि ती कोणाची होते? वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर एका जेवणाच्या पंगतीत सापडते. त्या पंगतीकडे जाण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

१८८२ : एक शाखा आणि एक पुस्तक

मराठी मुलखात स्त्रियांनी स्त्रियांसाठी काढलेल्या आणि गावोगाव शाखा पसरवू पाहणाऱ्या संस्थांची सुरुवात पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजापासून धरता येते. १८८२ साली पुण्यात हा समाज स्थापन झाला. रमाबाई स्वतः प्रवास करीत, व्याख्याने देत आणि दुसऱ्या गावांतही समाजाच्या शाखा निघाव्यात असा प्रयत्न करीत. आठवड्याला एकदा बायकांनी जमायचे, कोणीतरी वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग बोलायचे. ही पद्धत आज साधी वाटते. परंतु देवळातले कीर्तन, घरातले हळदीकुंकू आणि विहिरीवरची गाठभेट यांखेरीज बायकांनी एकत्र बसण्याला चौथे निमित्तच नव्हते, त्या काळात 'सभा' हे निमित्त नवे होते.

त्याच १८८२ साली आपल्या वऱ्हाडातून एक पुस्तक बाहेर पडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापले गेले. ताराबाईंच्या मागे कोणतेही मंडळ नव्हते. पुरुषांनी स्त्रियांवर ठेवलेल्या दोषांचा त्यांनी एकटीने घेतलेला तो हिशेब होता. रमाबाईंनी शाखा काढल्या, ताराबाईंनी वाद घातला. पुढे स्त्रियांच्या संघटनांत हे दोन्ही प्रवाह कायम राहिले: एक मिळूनमिसळून काम करणारा, दुसरा बोट दाखवून विचारणारा. बहुतेक मंडळांनी पहिला प्रवाह जवळ केला, कारण घरच्यांची परवानगी त्यालाच मिळत होती.

'सेवा' हा शब्द या चळवळीत पक्का बसवला तो सेवासदनाने. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदनाचे काम सुरू झाले. पुण्याच्या सेवासदनाने मोठ्या वयाच्या बायकांना, त्यातही विधवांना, शिकवून शिक्षिका आणि परिचारिका केले. समाजाला ज्यांचा भार वाटत होता त्याच बायका समाजाची सेवा करू लागल्या. सेवेच्या कल्पनेतली ही मोठीच उलथापालथ होती. आणि ज्या बाईने परिचारिकेचे शिक्षण घेतले तिला पगार मिळत होता, हेही लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

परिषद आणि तिच्या शाखा

१९२६ साली मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी देशभरातल्या स्त्रियांना एक पत्र लिहिले. मुलींच्या शिक्षणाबद्दल स्त्रियांचे स्वतःचे मत काय, ते ठिकठिकाणी सभा घेऊन ठरवावे आणि मग सर्वांनी एका जागी जमावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याप्रमाणे आधी स्थानिक परिषदा झाल्या आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात, पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. हीच अखिल भारतीय महिला परिषद.

परिषदेची रचना पाहण्यासारखी आहे. खाली गावातली शाखा, तिच्यावर विभाग, वर स्थायी समिती आणि वर्षाला एक अधिवेशन, दर वेळी वेगळ्या गावी. शाखेने आपल्या गावातले काम करायचे: प्रौढ स्त्रियांचे वर्ग, बाळंतपणाची सोय, खादी, शिवण. आणि ठराव करून वर पाठवायचे. मुलीच्या लग्नाचे वय, वारसा, घटस्फोट यांवरच्या ठरावांना असा गावोगावचा आधार मिळत गेला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यासाठी, म्हणजे सारडा कायद्यासाठी, परिषदेने मोठा जोर लावला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले, तेही परिषदेच्याच प्रयत्नातून. गावातल्या मंडळाला 'आपण एकट्या नाही' हा धीर या रचनेने दिला. गावात सासरे आणि पंच यांच्यासमोर जे बोलता येत नव्हते, ते ठरावाच्या भाषेत बोलता येत होते.

मध्य प्रांत व वऱ्हाडात या परिषदेची दोन अधिवेशने झाली. बारावे नागपूरला, १९३७ च्या डिसेंबरात, राजकुमारी अमृत कौर यांच्या अध्यक्षतेखाली. एकोणिसावे अकोल्याला, १९४६ साल संपताना, लेडी धन्वंती रामा राव यांच्या अध्यक्षतेखाली. मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची या शहरांच्या यादीत अकोल्याचे नाव यावे ही वऱ्हाडाच्या स्त्रियांसाठी लहान गोष्ट नव्हती. अचलपूरहून छोट्या लाईनीने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने अकोला. देशभरच्या स्त्रियांची सभा एवढ्या प्रवासावर आली होती.

नागपूरची पंगत

पण १९३७ च्या नागपूर अधिवेशनाची आठवण वेगळ्याच कारणाने राहिली. त्या अधिवेशनाला जाईबाई चौधरी आल्या होत्या. जाईबाई महार समाजातल्या. लहानपणी त्यांनी रेल्वे स्टेशनावर लोकांचे सामान डोक्यावरून वाहिले होते. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. सेवा म्हणून जे जे परिषदेला अभिप्रेत होते, ते जाईबाई आधीच करीत होत्या. अधिवेशनात जेवणाची वेळ झाली, तेव्हा त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांची पाने इतरांपासून वेगळी मांडण्यात आली.

आपल्याकडे पंगत म्हणजे नुसते जेवण नव्हे. कोण कोणाशेजारी बसतो, कोणाला आधी वाढतात, कोणाला उठल्यावर वाढतात, यात समाजाची सगळी उतरंड दिसते. व्यासपीठावर 'भगिनींनो' म्हणणे सोपे असते. शेजारी पान मांडणे अवघड. मंचावरची भगिनी पंगतीत पाहुणीही राहिली नाही, एवढाच त्या दिवसाचा अर्थ.

जाईबाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया तो अपमान गिळून बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातच दलित स्त्रियांची वेगळी सभा भरली आणि तिथे या वागणुकीचा जाहीर निषेध झाला. हे सारे आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथामुळे. दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना भेटून ही माहिती गोळा केली. सभासद-वह्या नसल्या तरी माणसे होती, आणि त्यांना विचारणारे कोणी हवे होते.

वऱ्हाडाला हा विषय नवा नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९२७ मध्ये चळवळ झाली होती आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. देवळाचे दार आणि पंगतीतले पान या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या.

१९४२ : मागणीची भाषा

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्याचे सांगितले जाते. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या अमरावतीच्या. वऱ्हाडातली एक बाई एवढ्या मोठ्या सभेची अध्यक्ष होते आणि अमरावतीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला तिचे नाव माहीत नसते, याची खंत वाटते.

या परिषदेचे ठराव वाचले की महिला परिषदेच्या शाखांशी असलेले साम्य आणि फरक दोन्ही कळतात. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला कायद्याने बंदी, मुलींचे शिक्षण आणि वसतिगृहे हे विषय दोन्हीकडे आहेत. पण नागपूरच्या ठरावांत गिरणीत, विडी कारखान्यात, नगरपालिकेत आणि रेल्वेत राबणारी बाई आहे. तिला वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा हवी, दुखापत झाली तर भरपाई हवी, २० वर्षे काम केल्यावर निवृत्तिवेतन हवे, गिरणीत देखरेखीला बाईच हवी. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत राखीव जागा हव्यात. महिला परिषदेचा राखीव जागांना विरोध होता. स्त्रियांनी बरोबरीच्या नात्याने निवडून यावे, सवलत मागू नये, अशी तिची भूमिका होती. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत हंसाबेन मेहता यांनी हेच मत मांडले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्याजोगे आहे. ज्या स्त्रीच्या घरी शिक्षण आहे, वडील किंवा नवरा वकील आहे, तिला राखीव जागा म्हणजे कमीपणा वाटणे साहजिक होते. जिचे पान पंगतीत वेगळे मांडले गेले, तिला मात्र जागा राखल्याशिवाय ती मिळणार नाही हे अनुभवाने कळले होते. अकोल्याचे अधिवेशन भरले तेव्हा दिल्लीत संविधान सभेचे काम सुरू होऊन काही आठवडेच झाले होते. त्या वेळी वऱ्हाडातल्या स्त्रियांपुढे हे दोन्ही मार्ग उघडे होते. एकीचे नाव सेवा, दुसरीचे नाव हक्क. दोघी एका गावात राहून एकमेकींच्या सभेला जात नव्हत्या, हे मोठे नुकसान झाले.

कापसाच्या दुसऱ्या मुलखात

अशी फूट फक्त आपल्याकडेच पडली असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या भगिनी मंडळांना 'सोरॉरिटी' म्हणतात; 'सोरोर' म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. त्यांच्याही गावोगाव शाखा असतात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये 'अल्फा काप्पा अल्फा' आणि १९१३ मध्ये 'डेल्टा सिग्मा थिटा' ही स्वतःची मंडळे काढली. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली. डेल्टाच्या मुली तिच्यात चालल्या. त्याच मिरवणुकीत पत्रकार आयडा वेल्स यांना, आपल्या राज्याच्या गोऱ्या भगिनींबरोबर न चालता कृष्णवर्णीयांच्या गटातून मागे चालावे, असे सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. वाटेत त्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या राज्याच्या रांगेत सामील झाल्या. नागपूरच्या पंगतीच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट.

आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी कथा अल्फा काप्पा अल्फाची आहे. १९३५ ते १९४२ या काळात या मंडळाने मिसिसिपी राज्यात, म्हणजे त्यांच्या कापसाच्या मुलखात, उन्हाळ्यात दवाखाने चालवले. डॉ. डोरोथी फेरेबी या त्याच्या प्रमुख. मळेमालक आपल्या वाटेकरी कुळांना दवाखान्यात जाऊ देईनात, तेव्हा या बायकांनी मोटारींत औषधे भरली आणि दवाखानाच मळ्यावर नेला. मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या, दात तपासले, आहार समजावून सांगितला. शिकलेल्या बहिणी न शिकलेल्या बहिणींच्या दाराशी गेल्या. तिथे जाताना त्यांच्या लक्षात आले की रोगाचे मूळ मळ्याच्या हिशेबात आहे, नुसत्या औषधाने ते निघणार नाही. सेवा करता करता हक्काचा प्रश्न असा समोर आला.

बालवाडी, अनुदान आणि धारणी

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मंडळांचे रूप पालटले. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष. स्त्रियांच्या लहान संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्यातून बालवाड्या, शिवणवर्ग, प्रौढशिक्षण उभे राहिले आणि तालुक्याच्या गावांतही मंडळे निघाली. लाभ उघड होता. तोटा हळूहळू कळला. अनुदानासाठी नोंदणी हवी, नोंदणीसाठी घटना हवी, दरवर्षी हिशेबतपासणी हवी. ज्या बाईला हे कागद जमत, ती अध्यक्ष किंवा सचिव. जिला जमत नसत, ती सभासद. आणि जी मंडळाची खोली झाडत असे, ती बहुधा सभासदही नसे. तिला हाक मारताना 'ताई' नव्हे, 'बाई' किंवा 'मावशी' म्हणत. नात्याचे शब्द सगळेच गोड. पण कोणता शब्द कोणाला, यावरून पंगत अजून कशी मांडलेली आहे ते कळते.

परतवाड्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हे गाव मेळघाटाच्या पायथ्याशी आहे. सागाचे लाकूड इथे उतरते, इथूनच सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीचा रस्ता वर जातो. कोरकू बाया बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला खाली येतात. गावातली मंडळे सतरंजीवर बसून जी सेवा करीत होती, तिची सर्वांत जास्त गरज या घाटाच्या वर होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांतली दोन ठिकाणे होती: मुंबईची धारावी आणि आपली धारणी. म्हणजे आज देशभर दिसणारी अंगणवाडी अगदी पहिल्या वर्षी ज्या मोजक्या जागी उघडली, त्यांत मेळघाट आहे. तरीही १९९० च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. योजना लवकर आली म्हणून भूक लवकर गेली नाही.

अंगणवाडी चालवणारीला 'सेविका' हे नाव मिळाले. रमाबाई रानड्यांच्या काळातला तो शब्द. पण सेवासदनातून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकेला पगार होता. अंगणवाडी सेविकेला 'मानधन' आहे. सेवा म्हटले की मजुरीचा विषय काढायचा नसतो, असा आपला संकेत. त्या संकेताचा भार घाट चढून-उतरून मुलांची वजने करणाऱ्या, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईवर पडला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल दिला. हा निकाल वाचताना १९४२ चा नागपूरचा ठराव आठवल्याशिवाय राहत नाही. २० वर्षे काम केलेल्या बाईला म्हातारपणी काही मिळावे, असे सुलोचनाबाईंच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या स्त्रियांनी ८० वर्षांपूर्वीच म्हटले होते.

राखीव जागांच्या वादाचाही निकाल लागला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आज अचलपूर, चिखलदरा, धारणी तालुक्यांत सरपंचपदाच्या खुर्चीवर ज्या बाया बसतात, त्यांतल्या अनेकींना ती खुर्ची राखीव जागेमुळेच मिळाली. त्यांच्या हातून किती काम होते, नवरा किती ढवळाढवळ करतो, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण खुर्ची मिळाली ती सवलत मागणाऱ्यांच्या मार्गाने, हे मान्य करायला हवे.

वही आणि पान

एवढ्या इतिहासानंतर गावच्या मंडळाची ती वही पुन्हा हातात घेतली तर तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. तिच्यातली नावे एका आडनावांच्या गल्लीतली आहेत का, हे पाहावेसे वाटते. मदत मिळालेल्या बाईचे नाव पुढच्या वर्षी सभासदांच्या यादीत आले का, हे शोधावेसे वाटते. आले असेल तर ती सेवा खरी. नसेल तर मंडळाने उपकार केला; बहीण मिळवली नाही.

म्हणून एक सुचवणे. दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल आणि माळ्यावर एखाद्या महिला मंडळाची वही, पावतीपुस्तक, हळदीकुंकवाचा जुना फोटो सापडला असेल, तर तो टाकू नये. फोटोत बसलेल्यांची नावे घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. आणि ती नावे सांगून झाली की आजीला आणखी एक विचारावे: त्या दिवशी जेवायला कोण कोण होतं, आणि कोण कुठं बसलं होतं?